‘आमच्या वेळी असं नव्हतं’ या तक्रारीत नेमकं काय काय असतं?

पेटीशिवाय भजन आज कुणाला सुचणारही नाही. टाळ आहेत, मृदंग आहे आणि पेटी नाही, म्हणजे मंडळी अजून जमायची आहेत असंच वाटेल. तरी हे वाद्य मूळचं फ्रान्सचं. एकोणिसाव्या शतकात ते साहेबलोकांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर इकडे आलं, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पाय काढून मांडी घालून वाजवता येईल असं त्याचं रूप केलं, आणि मग ते गावोगावच्या देवळात जाऊन बसलं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने याच पेटीवर बंदी घातली. कारणं अशी: ती परकी आहे, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, तिचे ठरीव सूर आपल्या श्रुतींना, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांना, मारक आहेत. हे म्हणणारे कुणी ऐरेगैरे नव्हते. रवींद्रनाथ ठाकूरही त्याच मताचे होते. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही ती पुरती उठली नाहीच.

यात गंमत अशी की तक्रार खोटी नव्हती. पेटीतून मींड आजही निघत नाही. फक्त तिच्यामुळे आपलं संगीत बुडेल हा अंदाज फसला. नव्या यंत्रांबद्दल वडीलधाऱ्यांच्या ज्या तक्रारी असतात, त्यातल्या पुष्कळशा अशाच असतात: दिसलेलं बरोबर, त्यावरून बांधलेलं भविष्य चूक. आणि खापर फुटतं ते ‘आजकालच्या पोरांवर’. ही पोरं खरंच वेगळी असतात का, हे वाटतं तितकं सोपं प्रकरण नाही. ते सोडवून बघू.

आधी आणखी एक किस्सा, कारण त्यात मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर जन्माने पुण्याचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. त्यांनी रेडिओवरच्या सिनेगीतांना कात्री लावली, चित्रपट निर्मात्यांशी वाद झाला, आणि काही काळ आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला. रेडिओ सिलोन लागायचं. १९५२ च्या अखेरीस तिथे अमीन सयानींचा गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरची तरुण मंडळी दर बुधवारी रात्री त्या खरखरीतून गाणी ऐकायला लागली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविधभारती काढावी लागली.

केसकरांना नकोशी झालेली ती गाणी म्हणजे नौशाद, शंकर-जयकिशन, आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या वेळची. तेव्हा त्यांत पाश्चात्त्य ठेका घुसलाय म्हणून नाकं मुरडली जात होती. आज तीच लावून घरातले आजोबा नातवाला सांगतात, ‘याला म्हणतात गाणं!’

आणखी मागे जा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या उस्तादांना ही थट्टा वाटली, आणि अनेकांनी सुरुवातीला रेकॉर्ड करायलाच नकार दिला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या साडेतीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आज मिरजेपासून धारवाडपर्यंतचे रसिक जपून ठेवतात. रीलमुळे सगळं आखूड झालं, ही तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. बोलपटाचंही तेच. १९३२ मध्ये प्रभातचा पहिला मराठी बोलपट आला आणि संगीत नाटक मंडळ्यांची घरघर सुरू झाली. नाटकवाले हळहळले की परंपरा मेली. ती परंपरा होती पन्नास वर्षांची. किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा हा घाट पुण्यात मांडला तो १८८० साली.

वय, पिढी की काळ?

आता मूळ गुंत्याकडे येऊ. समजा, २०२४ सालच्या एखाद्या पाहणीत निघालं की सत्तरीतल्या लोकांना रील आवडत नाहीत आणि विशीतल्यांना आवडतात. पेपरात मथळा काय येणार ते ठरलेलं आहे: पिढ्यांमधली दरी. पण या एका निरीक्षणामागे तीन निरनिराळी कारणं असू शकतात.

एक म्हणजे वय. सत्तरीत डोळे लवकर थकतात, अंगठा पूर्वीसारखा चालत नाही, दर अर्ध्या मिनिटाला विषय बदलला की जीव कावतो. हे कारण खरं असेल तर आजची विशीतली मुलंही पन्नास वर्षांनी तश्शीच होणार. दुसरं म्हणजे पिढी. १९५४ च्या आसपास जन्मलेला माणूस रेडिओवर वाढला. ऐकत ऐकत काम करायचं, चित्र मनात बघायचं, ही त्याची सवय. ती तो जन्मभर वागवेल, आणि आजची मुलं म्हातारी झाली तरी त्यांना ती लागणार नाही. तिसरं म्हणजे काळ. कधीकधी असं काहीतरी घडतं की लहानथोर सगळ्यांचंच वागणं बदलतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दोन्ही वेळा मोबाइलवरचा वेळ फक्त पोरांचा वाढला नाही, आजीचाही वाढला.

मग या तिघांतलं नेमकं कोणतं, हे ओळखायचं कसं? इथे भलभले अडकतात, आणि अडचण अगदी साध्या वजाबाकीची आहे. चालू साल वजा जन्मसाल म्हणजे वय. दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरला. वयाचा परिणाम वेगळा काढायचा तर साल तेच ठेवून, जन्मसाल तेच ठेवून, फक्त वय बदलून बघायला हवं. म्हणजे २०२४ मध्ये असा माणूस शोधायचा जो २००४ साली जन्मला आणि सत्तर वर्षांचा आहे. मिळणार कुठून? त्याच माणसांना वीस वर्षं धरून पुन्हा पुन्हा विचारलं तर ती बदलली की नाही हे कळतं, पण ती वयामुळे बदलली की मधल्या काळात जग बदलल्यामुळे, हे तरीही उरतंच. समाजशास्त्रात हा प्रश्न कितीतरी दशकं भिजत पडलाय. आकडेमोड वाढवून तो सुटत नाही. बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. त्यामुळे एकाच वर्षी, एकदाच केलेल्या पाहणीवरून ‘ही पिढी अशी आणि ती पिढी तशी’ असं कुणी ठासून सांगितलं, तर ते ऐकावं आणि सोडून द्यावं.

बूमर, मिलेनियल, जेन झी ही पिढ्यांची लेबलंही मला आपल्याकडे फारशी चिकटत नाहीत. बूमर म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बाळांची संख्या एकदम वाढली तेव्हाचे. परभणीतल्या १९५० च्या जन्माचा त्याच्याशी काय संबंध? खुद्द अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे आपण ही लेबलं जपूनच वापरणार.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच सांगितलं होतं की एका वर्षी जन्मलं म्हणून पिढी होत नाही; घडण्याच्या वयात एकच अनुभव वाट्याला यावा लागतो. आपल्याकडे हे टीव्हीवरून छान दिसतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दादरच्या चाळीतली १९६० सालची मुलगी टीव्ही बघत मोठी झाली, भले तो शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून का असेना. राज्यातल्या कित्येक खेड्यांत मात्र चित्र दिसायला ऐंशीचं दशक निम्मं संपावं लागलं. तिथली १९६० ची मुलगी तोवर दोन लेकरांची आई झाली होती. जन्मसाल एक, पिढ्या दोन. त्यापेक्षा ‘घरात फोन आला तेव्हा तुझं वय किती होतं?’ असं विचारलं तर जास्त कळेल.

शिवाय पिढीचा हिशोब मोडणारी माणसं सगळीकडे दिसतात. अमेरिकेत २०२० मध्ये जुन्या धर्तीच्या तबकड्यांनी कमाईत सीडीला मागे टाकलं, ऐंशीच्या दशकानंतर पहिल्यांदाच, आणि घेणाऱ्यांत तबकडीचा जमाना न पाहिलेली पोरं भरपूर. इकडे पहाटे साडेपाचला फुलांचा फोटो आणि सुविचार कोण पाठवतं, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हाची गाणी खरंच चांगली होती?

या प्रश्नाला थोडं शास्त्रीय उत्तर आहे. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांना १९३२ ते १९८६ या काळातली २८ गाणी ऐकवली आणि आवडीचे गुण द्यायला सांगितलं. माणूस सरासरी साडेतेवीस-चोवीस वर्षांचा असताना गाजलेली गाणी त्याला सर्वांत आवडतात, असं त्यातून निघालं. प्रयोग छोटा होता, नेमक्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पण आठवणींच्या अभ्यासातही असाच उंचवटा दिसतो: म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त येतं. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडून शहरात येणं, सगळं तेव्हाच घडलेलं असतं आणि गाणी त्याला चिकटून बसलेली असतात.

दुसरं कारण चाळणीचं. पन्नाशीच्या दशकात दरवर्षी ढीगभर सिनेमे निघत आणि एकेकात सहा-आठ गाणी सर्रास असत. त्यातली आज किती वाजतात? बाकीची रद्दीत गेली, आणि जावीत अशीच होती. आपण त्या चाळणीतून उरलेल्या गाण्यांची तुलना करतो ती आज सकाळी रिक्षात कानावर पडलेल्या कुठल्याही गाण्याशी. आजचं अजून चाळलं जायचंय.

मग वडीलधाऱ्यांचा जो संताप बाकी राहतो, तो कशाचा? माझ्या मते त्यातला बराचसा गाण्यांचा किंवा चित्रांचा नसतोच. तो कौशल्य वाया गेल्याचा असतो. ॲन्टेनाचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल. एकजण गच्चीवर दांडा धरून, एकजण खिडकीत, एकजण टीव्हीसमोर. ‘आलं... आलं... गेलं! अहो, होता तिथेच धरा!’ घरातल्या ज्या माणसाला हे जमायचं त्याचा मान वेगळा होता. कॅसेटची निघालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळणारा, रेडिओचा काटा केसभर सरकवून स्टेशन पकडणारा, हे सगळे घरचे तज्ज्ञ. त्यांचं शिकलेलं वीस-वीस वर्षं टिकायचं, कारण रेडिओचं बटण रात्रीत उठून दुसरीकडे जात नसे.

आता ते जातं.

‘बाबा, तिथे नाही, वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा.’

‘अरे, पण परवापर्यंत ते खाली होतं!’

‘अपडेट झालंय.’

‘मला विचारलं होतं का कुणी?’

बाबांचा मुद्दा बिनतोड आहे. ते शिकले होते, वहीत लिहूनही ठेवलं होतं, आणि कुणीतरी दूर बसून ते शिकणं बाद केलं. वर सोळा वर्षांचा पोरगा सुस्कारा टाकून शिकवणार. आजवर शहाणपण वरून खाली यायचं, मोठ्याने लहानाला सांगायचं. फोनने ती दिशा उलटी केली. ‘मोबाइलने वाट लावली’ असं बाबा म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्यांना हेच म्हणायचं असतं. याला पिढीचा स्वभाव म्हणणं अन्याय आहे. आजचा तो सोळा वर्षांचा तज्ज्ञ पन्नाशीत पोचेल तेव्हा त्याचेही ठिपके कुणीतरी हलवलेले असतील.

खरोखर नवं काय आहे

म्हणजे सगळं पूर्वीसारखंच, काळजीचं काही नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन गोष्टी निराळ्या आहेत.

माझी एक मावशी कऱ्हाडला असते. चष्मा नसला तर तिला फोनवर टाइप करता येत नाही, पण बोलून शोधता येतं हे तिला कळल्यापासून तिचं अडत नाही. दिवेलागणीला ती फोन देवघराशेजारी उभा करते आणि ‘हरिपाठ लाव बाळा’ म्हणते. फोनला बाळ म्हटल्यावर तोही ऐकतो. हरिपाठ संपतो, मावशी हात जोडते आणि तिचे हात खाली यायच्या आत कर्जाची जाहिरात, मग कुणातरी महाराजांचं प्रवचन, मग सुनेने सासूला कसा धडा शिकवला त्याची गोष्ट. मावशी उठायला निघालेली असते, ती बसते. ‘आपोआपच लागतंय गं,’ म्हणते. जेवायला उशीर.

जुन्या साधनांना शेवट होता. आकाशवाणीच्या सभा असत, सकाळची संपली की संपली. दूरदर्शन रात्री बंद होई. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. आता शेवट काढून टाकलेला आहे, आणि तो चुकून निसटलेला नाही. कितीही खाली सरकवलं तरी न संपणारं पान ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने घडवली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २०१२ पासून यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना किती जणांनी दाबला यापेक्षा किती वेळ पाहिला याला वजन दिलं. एकदा वेळ हेच माप ठरलं की माणसाला उठू न देणं हा धंद्याचा भाग होतो. यात जन्मसाल कुठे येतं? मावशी चौऱ्याहत्तरची आहे.

दुसरी गोष्ट पडद्यांच्या संख्येची. घरात टीव्ही एक आणि त्यावर वाहिनी एक, तेव्हा आजोबांना सिनेगीतांचं ‘छायागीत’ सोसावं लागे आणि पोरांना ‘आमची माती, आमची माणसं’मधली उसावरची चर्चा. आवडीनिवडी निराळ्या होत्याच, पण एकमेकांच्या आवडी माहीत होत्या. भांडायला तरी विषय एक होता. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीच पुन्हा दाखवली तेव्हा पुष्कळ घरांत तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसल्या, पण एरवी त्या बसत नाहीत. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे आणि त्यात दुसऱ्याला डोकावता येत नाही.

एकट्याने ऐकण्याची ही काळजी सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढला तेव्हा खुद्द कंपनीलाच वाटली होती. एकटंच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणा वाटेल म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवली होती, आणि दाबलं की गाणं हळू होऊन शेजाऱ्याशी बोलता येईल असं एक नारिंगी बटणही. पुढच्या मॉडेलांत दोन्ही गेलं, कारण लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने सभा घेऊन ठराव केला: रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. निमित्त मुलांचं होतं. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी फोन हातात दिले ते परत येईनात. पण ठराव करताना गावाने फक्त मुलांचे फोन धरले नाहीत. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांचीही ऐन वेळ, आणि त्या कोण बघतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. पोराला ‘अभ्यासाला बस’ म्हणताना मागे टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण चालू नसलं की पोर बसतं, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. गावाने या भानगडीत कुठल्याच पिढीला आरोपी केलं नाही. भोंगा वाजला की आजीचा रिमोट आणि नातवाचा फोन दोन्ही एकदमच खाली ठेवायचे.